तीस गुणिले चार : मोटरच्या करंटमधून बिघाड कसा वाचतात

गेल्या हळदीच्या हंगामात मी एक धडधाकट मोटर उघडायला लावली. कुपवाडजवळची शेड, हळद पॉलिश करायचा ड्रम आणि त्याला दहा एचपीची मोटर. मालकांची तक्रार एवढीच, की पॅनेलवरच्या अ‍ॅमीटरचा काटा नाचतोय. बघितलं तर खरंच काटा साडेनऊ ते साडेदहा अँपिअरच्या मधे एका लयीत डोलत होता, सेकंदाला दोनदा. मी एका फेजच्या वायरीला करंट मोजायचा क्लॅम्प लावला, करंट लॅपटॉपवर घेतला, त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे त्यात कुठल्या गतीची कंपनं किती आहेत त्याचा आलेख, काढला आणि पाच मिनिटांत निकाल देऊन टाकला : रोटरचा, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागाचा, दांडा तुटलाय.

मोटर उतरवली, टेम्पोत घातली, माधवनगर रस्त्यावरच्या रिवाइंडिंगवाल्या काकांकडे नेली. त्यांनी रोटर काढून ग्राउलरवर, म्हणजे दांड्यांत करंट उभा करणाऱ्या विद्युतचुंबकावर, ठेवला आणि हॅकसॉचं पातं एकेका दांड्यावरून सावकाश फिरवलं. दांडा चांगला असेल तर त्यात करंट फिरतो आणि वर धरलेलं पातं थरथरतं. तुटलेल्या दांड्यावर ते गप्प बसतं. काकांनी पूर्ण वेढा घेतला. पातं सगळीकडं सारखंच थरथरलं.

"साहेब, रोटर ठणठणीत हाय की," काका म्हणाले आणि चहा सांगितला. चहा त्यांनीच पाजला, हे जास्त लागलं.

माझे आकडे बरोबर होते. ते कोणाचे आहेत, हे मी विचारलं नव्हतं. या धंद्यातलं निम्मं शिक्षण त्या एका प्रश्नात आहे, म्हणून आधी ते आकडे कुठून येतात ते सांगतो आणि मग परत ड्रमकडे येतो.

जुने फिटर स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि सांगतात, "बेअरिंग वाजतंय, महिनाभर काढंल." बऱ्याचदा बरोबर निघतं. पण कानाला अडचण अशी, की मोटरचा सगळा आवाज एकत्र येतो. पंख्याची घरघर, कोअरची गुणगुण, पट्ट्याची फडफड आणि त्या सगळ्यांच्या खाली बेअरिंगची बारीक टकटक. टकटक मोठी होऊन वर येईपर्यंत बेअरिंग बरंच खाल्लेलं असतं. सिग्नल अ‍ॅनालिसिस म्हणजे हा कालवा वेगवेगळा करून दाखवणं.

हे कसं होतं ते मिरजेच्या माणसाला समजावणं सोपं आहे. सतारमेकर गल्लीत जुळलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार एकटी छेडा. तार एकच, पण कान तयार असेल तर तिच्यातून वर गंधार ऐकू येतो. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो कुणी वाजवलेला नसतो. तार आपल्या मूळ गतीने हलता हलता दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट गतीनंही हलत असते. तिप्पट गतीत पंचम सापडतो, पाचपट गतीत गंधार. गवयाचा कान एका आवाजातून हे सूर सुटे करतो. स्पेक्ट्रम नेमकं तेच करतो, फक्त कागदावर : आडव्या रेषेवर गती, म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि उभी रेघ त्या कंपनाच्या जोराइतकी उंच.

कुठलंही वेडंवाकडं कंपन साध्या, गोल कंपनांची बेरीज म्हणून लिहिता येतं, हे फ्रान्सच्या फूरियेने १८२२ साली उष्णतेवरच्या ग्रंथात मांडलं. पण हाताने हे गणित म्हणजे शिक्षा. १०२४ नोंदींचा तुकडा घेतला तर सरळ पद्धतीने दहा लाखांवर गुणाकार होतात. १९६५ साली कूली आणि टुकी यांनी जी शॉर्टकट रीत प्रसिद्ध केली, तिने हे काम दहा हजारांच्या आसपास आणून ठेवलं. आज क्लॅम्प लावल्यावर क्षणात आलेख दिसतो तो त्या रीतीमुळे. गणिताचं एवढंच पुरे.

आता बेअरिंग. मोटरींच्या बिघाडांच्या ज्या मोठ्या पाहण्या १९८०च्या दशकात अमेरिकेत झाल्या, त्यांत चाळीस टक्क्यांच्या पुढे वाटा बेअरिंगचा निघाला. इथल्या कुठल्याही वाइंडरला विचारा, तो आधी बेअरिंगचंच नाव घेईल.

दोन एचपीच्या साध्या मोटरमध्ये बहुधा ६२०५ नंबरचं बेअरिंग असतं. आपल्याकडे दुकानात "बासष्ट शून्य पाच द्या" म्हटलं की मिळतं ते. त्यात नऊ गोळ्या असतात. बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये घट्ट, स्थिर. आतली रिंग शाफ्टबरोबर फिरते. मधल्या गोळ्या दोन्हींच्या मधे लोळत पुढे सरकतात, म्हणून त्यांना धरून ठेवणारा पिंजरा शाफ्टइतका पळत नाही. शाफ्टचा एक पूर्ण फेरा झाला की पिंजऱ्याचा साधारण ०.४ फेरा होतो. बाहेरच्या रिंगेवर एका जागी खड्डा पडला असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात त्याच्यावरून किती गोळ्या जातील? ०.४ गुणिले नऊ, म्हणजे साडेतीनच्या वर थोडं. नेमका आकडा ३.५८५. खड्डा आतल्या रिंगेवर असेल तर ती रिंग स्वतः पिंजऱ्याच्या पुढे पळत असते, एका फेऱ्यामागे ०.६ने, म्हणून तिच्या खड्ड्यावर ५.४१५ गोळ्या आपटतात.

मोटर १४४० आरपीएमने फिरते, म्हणजे सेकंदाला २४ फेरे. बाहेरच्या रिंगेचा खड्डा सेकंदाला ८६ ठोके देईल, आतल्या रिंगेचा १३०. (बेरीज करून बघा : २१६, म्हणजे २४ गुणिले ९. हिशेब बरोबर आहे का हे तपासायची ही घरगुती युक्ती.) स्पेक्ट्रममध्ये ८६ वर रेघ दिसली तर बेअरिंग न उघडता सांगता येतं, की खड्डा बाहेरच्या रिंगेवर आहे. ८६ आणि १३० हे आकडे २४च्या पटीत बसत नाहीत, हे फार सोयीचं आहे. शाफ्टशी संबंधित बाकी सगळी भानगड, वाकलेला शाफ्ट, तोल गेलेला पंखा, कपलिंगचं अलाइनमेंट, ही २४, ४८, ७२ अशा पूर्ण पटींवर येते. बेअरिंग त्या गर्दीच्या मधे स्वतःची वेगळी जागा धरून बसतं. प्रत्येक बिघाडाचा असा पत्ता असतो. आवाज किती मोठा, यापेक्षा तो कुठल्या पत्त्यावर आला हे बघायचं.

एक अडचण मात्र आहे. खड्डा नवा असतो तेव्हा ठोका इतका बारीक असतो, की ८६ची रेघ गाळात बुडलेली असते. तिथे उलटी वाट धरतात. गोळी खड्ड्यावर आपटली की हाउसिंगचं लोखंड घंटेसारखं वाजतं, काही हजार हर्ट्झवर, आणि लगेच विरतं. तेवढ्या वरच्या पट्ट्यात मोटरची बाकी गडबड कमी असते. मग फक्त तो पट्टा गाळून घ्यायचा आणि घंटा कुठल्या सुरात वाजते हे सोडून देऊन, टोल किती वेळाने पडतात एवढंच मोजायचं. टोल सेकंदाला ८६ निघाले की झालं. याला एन्व्हलप अ‍ॅनालिसिस म्हणतात. माझ्या मते बेअरिंगसाठी याच्याइतकं कामाचं दुसरं हत्यार नाही. यासाठी करंट नव्हे, लोहचुंबकाने हाउसिंगला चिकटणारा व्हायब्रेशन सेन्सर लागतो.

मोबाइलने हे होईल का, असं बरेच जण विचारतात. माइकवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारी अ‍ॅप आहेत, शिकायला छान आहेत. पण मोबाइलमधला हालचाल मोजणारा सेन्सर बऱ्याचदा सेकंदाला शंभरेक नोंदीच देतो आणि ८६ची कंपनं पकडायला सेकंदाला त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणजे १७२च्या वर नोंदी लागतात. त्याहून कमी घेतल्या तर नुसतं चुकत नाही, खोटी रेघ भलत्याच जागी उमटते. ट्यूबलाइटखाली फिरता पंखा कधी कधी उलटा फिरताना दिसतो ना, तसलाच हा भास.

आणि एक युक्ती, हिला कुठलंही यंत्र लागत नाही म्हटलं तरी चालेल. मोटर गुणगुणतेय आणि दोष विजेचा की मेकॅनिकल हे कळत नाहीये. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचं चुंबकीय ओढणं सेकंदाला १०० वेळा होतं, म्हणून विजेकडची गुणगुण १००वर येते. स्विच बंद करा. वीज गेली त्या क्षणी गुणगुण तुटली तर कारण विजेकडचं. मोटर थांबत जाईल तसतशी ती हळूहळू उतरली तर मेकॅनिकल. फिटर लोक हे पूर्वीपासून करतात.

वाइंडिंगबद्दल थोडक्यात. वेढ्यावेढ्यात शॉर्ट झाला की तिन्ही फेजचे करंट एकसारखे राहत नाहीत, म्हणून क्लॅम्प तिन्हींवर लावून बघावा. पण त्याआधी व्होल्टेज बघा. पुरवठ्याच्या व्होल्टेजमध्ये एक टक्का फरक असला तरी करंटमध्ये सहा ते दहा टक्के फरक पडू शकतो, आणि आपल्याकडे तो फरक किती असतो हे शेतावर मोटर असलेल्यांना सांगायला नको. उगाच वाइंडिंगला दोष देऊन मोटर भरून घेणारे मी पाहिलेत. वाइंडिंग तापायचं कारण कुठलंही असो, ढोबळ नियम असा, की दर दहा अंश जास्त उष्णतेला इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं.

आता रोटर. माझी फजिती इथली.

इंडक्शन मोटरच्या रोटरमध्ये वायर नसते. लोखंडी पत्र्यांच्या गड्ड्यात आडवे दांडे आणि दोन्ही टोकांना त्यांना जोडणाऱ्या कड्या. लोखंड काढून टाकलं तर खारीला फिरायला ठेवतात तसला पिंजरा दिसेल, नावही तेच पडलंय. मोठ्या मोटरीत दांडे तांब्याचे आणि कड्यांना जोडलेले असतात. सुरू होताना मोटर सहापटीच्या आसपास करंट ओढते, दांडे तापून ताणतात, आणि असं हजारो वेळा झालं की जोडापाशी चीर पडते. म्हैसाळ, ताकारीसारख्या उपसा योजना किंवा साखर कारखाने, जिथे शेकडो एचपीच्या मोटरी चालतात, तिथे याची काळजी घ्यावी लागते. छोट्या मोटरीत पिंजरा अ‍ॅल्युमिनियम ओतून एकसंध केलेला असतो. तो सहसा तुटत नाही. दहा एचपीची मोटर छोटीच. मला तिथेच थांबायला हवं होतं.

चार पोलच्या, म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांच्या, मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं. रोटर थोडा मागे राहतो, तसा राहिला नाही तर त्याच्या दांड्यांत करंटच येणार नाही. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. हळदीच्या ड्रमची मोटर १४७० फेऱ्यांनी चालली होती. म्हणजे क्षेत्र रोटरला मिनिटाला तीस वेढ्यांनी मागे टाकत होतं. आता समजा एक दांडा तुटलाय. क्षेत्राचा एकेक पोल त्या दांड्यावरून जाताना मोटरचा जोर जरासा कमी पडणार. तीस वेढे, प्रत्येक वेढ्यात चार पोल : मिनिटाला १२० धक्के, सेकंदाला दोन.

या दोन धक्क्यांनी ५० हर्ट्झचा करंट फुगतो आणि ओसरतो. स्पेक्ट्रममध्ये हे २ हर्ट्झवर दिसत नाही, ५०च्या दोन्ही बाजूंना दिसतं : ४८ आणि ५२. याचं कारणही तंबोऱ्यात आहे. जोडीच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाज डोलतो. तारांच्या गतीत सेकंदाला दोनाचा फरक असेल तर डोल सेकंदाला दोनदा. जुळवणारा तो डोल ऐकत खुंटी पिळतो आणि डोल नाहीसा झाला की थांबतो. हेच उलट वाचा : करंट सेकंदाला दोनदा डोलतोय, म्हणजे ५०च्या शेजारी दोन अंतरावर आणखी कुणी बसलंय.

४८ला ५०पासून सुटं दाखवायला घाई करून चालत नाही. एकच सेकंद सिग्नल घेतला तर एका हर्ट्झपेक्षा बारीक फरक दिसत नाही, आणि शेजारची ५०ची रेघ राक्षसासारखी मोठी असल्यामुळे तिचा पसारा बाजूच्यांना गिळून टाकतो. दहा सेकंद घेतला तर ०.१ हर्ट्झपर्यंत दिसतं. भिंतीवरचं घड्याळ दिवसाला एक मिनिट मागे पडतंय, हे पाच मिनिटं बघून कळत नाही, तसंच. मोटरवर लोडही हवा. मोकळी मोटर जवळजवळ १५०० नेच फिरते, मग या रेघा ५०ला इतक्या चिकटतात, की सुटतच नाहीत.

रेघ दिसली म्हणजे दोष असंही नाही. कुठलाच रोटर अगदी तंतोतंत नसतो. बाजूच्या रेघा मुख्य रेघेच्या पाचशेव्या भागाहून लहान असतील तर निवांत झोपावं. शंभराव्या भागापर्यंत आल्या की संशय धरावा. हळदीच्या मोटरवर मला त्या चाळिसाव्या भागाइतक्या मिळाल्या, ४८ आणि ५२ वर, अगदी पुस्तकात असतात तशा. पुस्तकासारखं दिसलं आणि मी भाळलो.

काकांकडून मोटर परत आली, ड्रमवर चढली, काटा पुन्हा तसाच नाचू लागला. या वेळी मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि ड्रमकडे बघत बसलो. हे आधी करायचं असतं. जाळीचा ड्रम गिअरबॉक्सवरून सावकाश फिरत होता. आत हळद उचलून टाकायला पट्ट्या मारलेल्या. पट्टी खालून हळकुंडं घेऊन वर जाते तेव्हा मोटरला ओझं येतं. वरून हळद धबाधब पडली की ओझं उतरतं. घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला तीस. पट्ट्या किती, म्हणून फिटरला विचारलं.

"चार हायत की."

तीस गुणिले चार. मिनिटाला १२०, सेकंदाला दोन. क्षेत्राचे तीस वेढे आणि चार पोल, ड्रमचे तीस फेरे आणि चार पट्ट्या. लोडच्या चढउताराने करंट डोलतो तेव्हाही रेघा ४८ आणि ५२ वरच येतात. करंटला कारण सांगता येत नाही, तो फक्त लय सांगतो.

मग दोघांना वेगळं ओळखायचं कसं? लोड बदलून. आम्ही निम्मी हळद काढली. मोटर हलकी झाली आणि १४८५वर गेली. आता क्षेत्र रोटरला मिनिटाला पंधराच वेढ्यांनी मागे टाकत होतं. दांडा तुटलेला असता तर धक्के सेकंदाला एक झाले असते आणि रेघा ४९ आणि ५१ वर सरकल्या असत्या. ड्रमचा वेग मात्र जेमतेम एक टक्का वाढतो, तीसचे तीस पूर्णांक तीन दशांश. दहा सेकंदांच्या नोंदीत तेवढा फरक दिसणारही नाही. स्पेक्ट्रम काढला. रेघा बुटक्या झाल्या होत्या, पण ४८ आणि ५२ वरून हलल्या नव्हत्या. दोष रोटरचा असेल तर रेघ स्लिपबरोबर चालते. पुढच्या मशीनची असेल तर त्या मशीनबरोबर राहते. ही चाचणी करायला अर्धा तास लागला. मोटर उतरवून, नेऊन, आणून चढवायला दीड दिवस गेला होता, तोही ऐन हंगामात.

हल्ली व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, लावलेल्या मोटरी वाढल्यात, तिथे ५० हा खुंटाही पक्का राहत नाही. ड्राइव्ह देईल ती फ्रिक्वेन्सी आधी बघावी लागते आणि सगळे पत्ते नव्याने मांडावे लागतात. शिवाय ड्राइव्हमुळे शाफ्टवर व्होल्टेज येऊन करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि रिंगेवर धुण्याच्या पाट्यासारखे आडवे वळ उठतात. असं एक बेअरिंग मी टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलंय. त्यावर नख फिरवलं की वळ लागतात.

मालकांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत, बिलातून काही कापलंही नाही. फिटर मात्र बराच वेळ ड्रमकडे बघत उभा होता.

"साहेब, मग आणि एक पट्टी मारली तर? पाच केल्या तर?"

तर अडीच, मी म्हटलं. साडेसत्तेचाळीस आणि साडेबावन्न.

त्याने बोटांवर हिशेब केला, मान हलवली, खिशातून खडू काढला आणि पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलं : ड्रम ३०, पट्ट्या ४. खाली तारीख टाकली.